फिरत नाही, पेटत नाही, टिकत नाही

आम्हा भाषा शिकवणाऱ्यांना एक खोड असते. समोरच्याने काय सांगितले यापेक्षा ते कोणत्या शब्दांत सांगितले, तिकडे आमचा कान आधी जातो. म्हणून कुणी घामाघूम होऊन ‘अहो, आमची गाडी सुरू होत नाही!’ असे सांगत आले, की मी त्यांना आधी खुर्ची देतो आणि मग विचारतो, “सुरू होत नाही म्हणजे नेमके काय? फिरत नाही, पेटत नाही, की टिकत नाही?” पाहुणा माझ्याकडे जरा संशयाने पाहतो. पण वाचकहो, ही तीन क्रियापदे म्हणजे तीन निरनिराळी दुखणी आहेत. बरोबर क्रियापद सापडले, की निम्मे निदान झालेच म्हणून समजावे.

जुनी गाडी म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने जी गाडी बाहेर पडली, तिचेच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी असे बारसे झाले. इंजिन १०८९ सीसीचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाल्या. पण घरोघरीच्या काही पद्मिनी अजून नांदत आहेत. या गाडीत आपली चूक आपणच सांगणारा संगणक नाही. तिचे दुखणे ऐकून, हुंगून आणि हात लावूनच ओळखावे लागते.

पहिले क्रियापद, फिरत नाही. सेल्फ मारला, की नुसते ‘टक्’ होते किंवा तेवढेही होत नाही. अशा वेळी पुढचे दिवे लावावेत आणि मग सेल्फ मारून पाहावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या जोडण्या ढिल्या आहेत. दिवे तसेच लख्ख राहिले तर संशय किल्लीच्या स्विचवर किंवा सेल्फच्या मोटरवर घ्यावा. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; आकडा १२ च्या खाली आला, की ती जवळजवळ रिकामी झाली असे धरावे. आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठली असेल तर ती स्वच्छ केल्याखेरीज नव्या बॅटरीचे नावही काढू नये.

आमच्या शेजारच्या आप्पांनी मात्र नवी बॅटरी आणली होती. काकू याच गाडीतून वीस वर्षे शाळेत शिकवायला गेल्या. आता गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर फारशा पडत नाहीत, पण गाडीवर खोळ घालायला अजून स्वतः उभ्या राहतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. आप्पांच्या गाडीची मुदत चार दिवसांवर आली होती आणि गाडी तर फाटकापर्यंतही जाईना. एका कारागिराने ‘इंजिन खोलावे लागेल’ म्हणून सांगितले होते. परदेशातल्या चिरंजीवांनी फोनवर ‘बाबा, भंगारात द्या ती’ असा निकाल दिला होता. काकू काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी खोळ मात्र घातली नाही.

मी आप्पांना म्हणालो, “एकदा सेल्फ मारा पाहू.” इंजिन फिरले, पण कण्हत कण्हत, जड ओझे ओढणाऱ्या बैलासारखे. बॅटरी नवी, दिवे झकास, आणि तरीही ही गत! आमच्या कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना हाक मारली. त्यांनी काहीच खोलले नाही. चोकच्या तारेला बोट लावले आणि झटकन काढून घेतले. तार तापली होती.

“सर,” ते मला म्हणाले, “हिला अर्थ मिळत नाही.”

बावीस वर्षे कवितेचा तास घेतल्यावर हे वाक्य मला परके वाटणे शक्यच नव्हते. परंतु मेस्त्रींचा अर्थ निराळा. बॅटरीतून निघालेल्या करंटला सेल्फमधून जाऊन, इंजिनाच्या अंगावरून परत बॅटरीकडे यावे लागते. परतीची ती जाड पट्टी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘अर्थ’, पावसाळी ओलीने गंजून गेली होती. राजरस्ता बंद झाला म्हणून करंट चोकच्या बारीक तारेच्या पाऊलवाटेने परतत होता, ती तापणारच. मेस्त्रींनी एक जाड तार बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या लोखंडाला लावून धरली. इंजिन एका झटक्यात गरगरले आणि सुरू झाले. नव्या पट्टीचा खर्च काहीशे रुपये. चौथ्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांनी तपासणीला गेली.

दुसरे क्रियापद, पेटत नाही. इंजिन जोमाने फिरते, पण धरत नाही. इथे नाकाने काम करावे. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर पेट्रोल पोचते आहे, एक तर जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. जास्त झाले असल्यास चोक आत सारून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा. नाही जमले, तर एक प्लग काढून, त्याची वायर पुन्हा जोडून, धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठिणगी पाहावी. मात्र सांडलेल्या पेट्रोलपासून दूर, आणि वायर उघड्या हाताने न धरता. ठिणगी निळी, कडक हवी. पावसाळ्यात पुष्कळदा दोष एवढाच असतो, की डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून दव धरलेले असते. कोरड्या फडक्याने पुसले, की काम झाले. नाहीतर पॉइंट काळे पडलेले असतात.

वास येत नसेल आणि प्लग कोरडे असतील, तर पेट्रोल वाटेत अडले आहे. पंपाचा पडदा, गाळणी, रबरी नळ्या क्रमाने पाहाव्यात. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढून घेते, आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या गाडीने हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणजे अर्थात तिच्या मालकाने.

तिसरे, टिकत नाही. सुरू होते आणि दम टाकते. थंडीत चोक लवकर आत सारला गेला असेल. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात कचरा असेल. थोडे अंतर जाऊन बंद पडत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा ‘फुस्स’ करून आत शिरली आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले होते. भर उन्हात बंद पडली तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली असेल. पंपावर ओले फडके ठेवावे आणि सावलीत थांबावे.

नियम दोनच. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. दुसरा नियम अधिक कठीण: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, पॉइंट आणि बॅटरी एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर आनंद होतो; पण दुखणे कोणते होते ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिन्हींचे पैसे मोजावे लागतात.

चांगले चाललेले इंजिन एका रात्रीत म्हातारे होत नाही. म्हणून कुणी पहिल्याच भेटीत ‘इंजिन खोलू’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारावे, “खोला हो, पण आधी क्रियापद कोणते ते सांगा.”