१२८, ३२० की फ्लॅक? आजीच्या आखाजीच्या गाण्यांसाठी उत्तर वेगळं आहे

स्पॉटिफायने २०२५ मध्ये 'लॉसलेस', म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता गाणी ऐकण्याची सोय सुरू केली. भारतात ती महागड्या प्लॅटिनम प्लॅनमध्ये मिळते. ॲपल म्युझिकने २०२१ मध्येच जादा पैसे न घेता ती दिली होती. त्यामुळे जुना प्रश्न पुन्हा समोर आलाय : आपल्याकडची गाणी नेमकी कोणत्या क्वालिटीत ठेवायची?

चोपड्यासारख्या गावात या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक, फोनमधली गाणी. सिनेमातली, भक्तिगीतं, यूट्यूबवर गाजलेली अहिराणी. दुसरी, कपाटातल्या जुन्या कॅसेटमधली गाणी. आखाजीला झोक्यावर म्हटलेली, कानबाईची, हळदीच्या रात्रीची. पहिल्या गाण्यांच्या लाखो प्रती जगात आहेत. दुसऱ्यांची अनेकदा एकच. क्वालिटी ठरवताना आधी पाहायचा तो हा फरक.

केबीपीएस म्हणजे काय?

एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती साठवली जाते, त्याचं हे माप. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. हिशेब होतो १,४११ केबीपीएस. एका मिनिटाला साधारण १० एमबी. तेच मिनिट ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत २.४ एमबी आणि १२८ च्या एमपीथ्रीत जेमतेम १ एमबी होतं.

बाकीचा आवाज जातो कुठे? वरातीचा डीजे दारावरून जात असेल तर शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोठा आवाज छोट्याला झाकतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा एमपीथ्रीत मोठा वाटा आहे. कानाला तसंही ऐकू येणार नाही, ते हे तंत्र फेकून देतं. फेकलेलं परत मिळत नाही.

मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याच्या दिवसांत हा सौदा फायद्याचा होता. २ जीबीच्या कार्डात १२८ केबीपीएसची पाच-पाच मिनिटांची ४०० गाणी मावायची. सीडीच्या क्वालिटीत मावली असती जेमतेम ४०.

मग १२८ वाईट आहे का?

नेहमी नाही. १२८ ला बहुतेक वेळा सगळ्यात वरचे, बारीक सूर कापले जातात. टाळ, झांज, टाळ्यांचा कडकडाट थोडा फिसफिसल्यासारखा होतो. १९२ ते २५६ केबीपीएसच्या चांगल्या फाईलमध्ये आणि सीडीत मात्र साध्या इअरफोनवर बहुतेकांना फरक सांगता येत नाही. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनकडे जाताना आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. म्हणजे लॉसलेसचे पैसे भरूनही कानापर्यंत लॉसलेस पोहोचत नाही.

खात्री करायची तर एकच गाणं १२८, ३२० आणि फ्लॅकमध्ये घ्या. कोणतं लावलंय हे न सांगता दुसऱ्याला वाजवायला सांगा. दहापैकी किती वेळा ओळखता येतं, त्यावर आपलं उत्तर ठरवा. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांसाठी एवढं पुरेसं आहे. फाईल बिघडली तर पुन्हा डाउनलोड होईल.

कॅसेटला मात्र वेगळा नियम

'कॅसेटचा आवाजच खरखरीत, त्याला कशाला लॉसलेस?' हा प्रश्न रास्त वाटतो. पण उत्तर उलटं आहे. कॅसेटमधला 'स्स्स' आवाज सतत बदलणारा आणि कसलाही नमुना नसलेला असतो. तो दाबणं एमपीथ्रीला जड जातं. कमी केबीपीएसमध्ये मग त्या खरखरीसोबत खरा आवाजही बिघडतो. पुढे कुणी खरखर काढायला बसलं, तर आधीच दाबलेल्या फाईलमधून आजीचा आवाज स्वच्छ निघणं अवघड होतं.

दुसरं, प्रतीची प्रत. एमपीथ्री कापून, जोडून पुन्हा एमपीथ्रीत सेव्ह केली की दर वेळी थोडा आवाज जातो. आणि १२८ ची फाईल ३२० किंवा फ्लॅकमध्ये बदलली, तर फक्त तिचं वजन वाढतं. गेलेलं काही परत येत नाही.

फ्लॅक मात्र झिप फाईलसारखं काम करतं. आकार साधारण निम्म्यावर येतो, पण उघडल्यावर मूळ आवाज जसाच्या तसा मिळतो. २००१ पासून ते मोफत आणि खुलं आहे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२४ मध्ये त्याचं मानकही प्रसिद्ध केलं. वीस वर्षांनी फाईल उघडेल का, या चिंतेवर हा चांगला दिलासा आहे.

जागेचं काय? ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये नोंद करायला सांगते. या मापाने एका तासाची कॅसेट न दाबता साधारण १ जीबी होते. म्हणजे अशा ५० कॅसेट ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये बसतात. फ्लॅकमध्ये त्याहून कमी जागेत.

कागदावर शब्द राहतात, चाल नाही

खान्देशाला हे नवं नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. शब्द वाचले. पण म्हणणारीचा आवाज, तिचा ठेका, मध्येच घेतलेला श्वास कागदावर उतरत नाही.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत पुढचं पाऊल पडलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सोबतीने त्यांतल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. आज 'परी' या संकेतस्थळावर ओव्या वाचता येतात आणि ऐकताही येतात. आखाजीच्या गाण्यांसाठी प्रत्येक घरामागे असा प्रकल्प उभा राहणार नाही. तिथे घरातल्या कुणालातरीच बसावं लागेल.

मग करायचं काय?

- चालू टेपरेकॉर्डर शोधा, त्याचं हेड साफ करून घ्या. हेडफोनच्या जागेतून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा.
- ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. आवाजाची पातळी लाल रेषेला टेकू देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.
- मूळ फाईल फ्लॅकमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा.
- दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.
- नातेवाइकांना ऐकवायला १९२ केबीपीएसची एमपीथ्री पुरे. पण मूळ फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कॅसेट लावून तिची व्हॉइस नोट करू नका. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे, गाण्यासाठी नाही.
- फाईलच्या नावात कोण म्हणतंय, गाव, साल आणि प्रसंग लिहा. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीसाठी परका होतो.
- यूट्यूबवर टाकण्याआधी गाणाऱ्या बाईंना, त्या नसतील तर घरच्यांना विचारा.

फोनमधल्या सिनेगीतांची क्वालिटी पुढच्या वर्षीही बदलता येईल. कॅसेटची फीत मात्र दरवर्षी थोडी झिजते, आणि ती वाजवणारी यंत्रं व दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होताहेत. त्यातही 'हा आवाज कुणाचा?' हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवरच फाईलला नाव देता येईल.