गाव कुठलं तुमचं?

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव काय? मोबाइल खाली ठेवा, गुगल चालणार नाही. (तसंही ते गुगललाही ठाऊक नसणार!) नाही ना आठवत? मग आपली जोडी जमली. मलाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. पण गेल्या सप्टेंबरात आठ दिवस आयर्लंडमध्ये काढले, तेही दुसऱ्याच कुणाची तरी पणजी शोधत. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जायलाच तयार नाही.

त्याचं असं झालं. बॉस्टनची माझी एक मैत्रीण आहे. आधी ती आमची क्लायंट होती. पाच वर्षं रोज संध्याकाळी सातच्या कॉलवर एकमेकींची डोकी खाऊन झाल्यावर मैत्री झाली. तिची पणजी १९०६ च्या सुमाराला, अठराव्या वर्षी, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतून अमेरिकेला आली. घरात तिच्याबद्दल एवढंच माहीत, की ती एकटी आली, मागे कुणी नव्हतं आणि गावाबद्दल ती कधी बोलली नाही. बस्स. मैत्रीण म्हणाली, ‘‘मी जातेय शोधायला. येतेस?’’ मला काय, सुट्टी शिल्लक होती. बॅग भरली.

‘‘पासपोर्टसाठी का गं हे सगळं?’’ मी विचारलं. कारण आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर आयरिश नागरिकत्व मागता येतं. ब्रेक्झिटनंतर तर कित्येक इंग्रजांना अचानक आपली आयरिश आजी आठवली! पण नुसत्या पणजीवर ते सहसा मिळत नाही. म्हणजे या ट्रिपमधून हिच्या हाती काहीच लागणार नव्हतं. ‘‘मग कशाला?’’ तर म्हणे, ‘‘आई विचारते सारखी. तिला सांगायला काहीतरी हवं.’’

अशा माणसांची आयर्लंडला सवय आहे. अमेरिकेत आपलं मूळ आयरिश सांगणारे तीन कोटींहून जास्त लोक आहेत. खुद्द देशाची लोकसंख्या काही लाखांत! जॉन केनेडी १९६३ च्या जूनमध्ये वेक्सफर्ड काउंटीतल्या डंगन्सटाउनला आपल्या पणजोबांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. ओबामांच्या आईकडचे एक पूर्वज, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, १८५० मध्ये मनीगॉल गावातून अमेरिकेला गेले होते. २०११ च्या मे महिन्यात ओबामा त्या गावच्या पबमध्ये गिनेसचा ग्लास घेऊन उभे. आता तिथे हायवेवर चक्क ‘बराक ओबामा प्लाझा’ नावाचा थांबा आहे. पेट्रोल भरा, बर्गर खा, पुढे चला.

एवढे लोक बाहेर गेले कसे, तर बटाट्यापायी. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि गरिबांचं तर पोटच बटाट्यावर चालायचं. पुढच्या सात वर्षांत साधारण दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, दहा लाखांहून जास्त बोटीत बसली. १८४१ मध्ये बेटाची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती, १८५१ मध्ये ६५ लाख उरली. दुष्काळ संपला, पण जाण्याची सवय संपली नाही. डब्लिनला लिफी नदीच्या काठावर रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने केलेले भुकेल्या माणसांचे पुतळे आहेत. हाडांचे सापळे, छातीशी गाठोडी, बंदराच्या दिशेने निघालेले. शेजारून ऑफिसची गर्दी कॉफीचे कप घेऊन जात असते. मी फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि खाली ठेवला. जमेना.

आता कामाला लागू या. नॅशनल लायब्ररीत मूळ शोधणाऱ्यांसाठी फुकट सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी मैत्रिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, ‘‘आधी वाईट बातमी देते.’’ १९२२ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. ३० जूनला डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’मध्ये स्फोट झाला, आग लागली आणि तिथलं सरकारी दफ्तरखाना खाक झाला. तेराव्या शतकापासूनचे कागद! जळके तुकडे शहरभर उडत होते. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना बहुतेक तिथेच गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच आधी नष्ट केलेल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगदा करून टाकलेल्या. आपल्याकडे म्हणतात ना, दैव देतं आणि कर्म नेतं!

पूर्ण शिल्लक राहिलेल्या सगळ्यात जुन्या जनगणना दोनच, १९०१ आणि १९११ च्या. दोन्ही आज नॅशनल आर्काइव्ह्जच्या वेबसाइटवर फुकट दिसतात. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे मोजणी झालीच नाही. पुढची थेट १९२६ ची, आणि शंभर वर्षं कुलूपबंद ठेवायच्या नियमामुळे तिची पाळी २०२६ मध्ये.

पण आमच्या पणजीबाईंना दोन पुरेशा होत्या. मैत्रिणीकडे धागे तीन. बॉस्टनमधल्या लग्नाच्या नोंदीत पणजीच्या आई-वडिलांची नावं होती. काउंटी माहीत होती. आणि आजीच्या डायरीत, कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, गावाचं एक नाव होतं. स्पेलिंग अर्थातच साफ चुकलेलं. आयर्लंडमध्ये पत्त्याचा सगळ्यात छोटा तुकडा म्हणजे ‘टाउनलँड’. नावात टाउन असलं तरी ती आपली कोकणातली वाडी समजा. अशा वाड्या साठ हजारांवर, आणि एकाच नावाच्या चार-चार! आडनाव तर आपल्या पाटलांसारखं, ढिगाने. तरी आई-वडिलांच्या नावांची जोडी जुळवत जुळवत दुपारी तीनच्या सुमाराला सापडलं एकदाचं.

३१ मार्च १९०१. गवती छपराचं घर. खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती, तेही लिहिलेलं. वडिलांना लिहिता-वाचता येत नाही, सहीच्या जागी फुली. भाषा आयरिश आणि इंग्रजी. मुलं सहा, त्यातली एक तेरा वर्षांची. हीच पणजी!

‘‘एकटी?’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘हिला पाच भावंडं होती?’’

मग १९११ चा फॉर्म उघडला. घर तेच, आई-वडील तेच. मुलं दोन. बाकी चौघं गायब. त्या वर्षी जनगणनेत विवाहित बायकांना एक नवा प्रश्न होता. लग्नाला वर्षं किती, मुलं झाली किती, जिवंत किती. पणजीच्या आईपुढे आकडे होते: लग्नाला २९ वर्षं, मुलं झाली ९, जिवंत ६.

पुन्हा वाचा. घरात दोन, जिवंत सहा.

तेव्हा मूल अमेरिकेला निघालं, की आदल्या रात्री घरी गाव जमायचं. नाच-गाणं, दारू आणि पहाटे रडारड. त्याला नावच होतं ‘अमेरिकन वेक’. वेक म्हणजे मयताशेजारी रात्र जागवणं. गेलेलं पोर परत दिसणार नाही, हे सगळ्यांना माहीत असायचं. तरी दारात मोजणीसाठी पोलीस आला तेव्हा या बाईने चौघांना जिवंतांत मोजलं. मैत्रीण बराच वेळ त्या ६ च्या आकड्याकडे बघत बसली. मी गुपचूप कॉफी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रेनने वेस्टपोर्टला. डब्लिनहून तीन-सव्वातीन तास. पुढे भाड्याची गाडी. (ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डाव्या बाजूने, टेन्शन नाही. रस्ते मात्र आपल्या घाटातल्यासारखे, आणि हॉर्नऐवजी मेंढ्या.) पाट्यांवर वर आयरिश, खाली इंग्रजी. पाऊस असा, की आपल्या श्रावणाची आठवण यावी. पाच मिनिटं ऊन, पाच मिनिटं सर. डोंगरउतारांवर गवताखाली लांबच लांब समांतर वरंबे दिसतात. हे बटाट्याचे जुने वाफे. दीडशे वर्षांहून जास्त काळ कुणी त्यात काही लावलेलं नाही, पण खुणा जात नाहीत.

वाडीच्या तोंडाशी एक दुकान होतं. तिथल्या बाईंनी आडनाव ऐकलं, वडिलांचं नाव विचारलं, फोन लावला आणि दहा मिनिटांत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन हजर! त्यांच्या मागोमाग आम्ही. घर म्हणजे आता एक उभी भिंत, चुलीची जागा आणि कमरेएवढी खाजकुयलीसारखी चावरी झुडपं. मैत्रीण आत जाऊन उभी राहिली. मी बाहेर आजोबांजवळ.

आजोबांनी ते घर नांदतं पाहिलं होतं. पणजीचा सगळ्यात धाकटा भाऊ इथेच राहिला. लग्न केलं नाही, १९६८ मध्ये गेला. आजोबा लहानपणी त्याला दूध पोचवायचे. ‘‘दर ख्रिसमसला त्याचं बॉस्टनचं पाकीट यायचं,’’ आजोबा सांगायला लागले. ‘‘बहिणीचं. आत डॉलर असायचे. त्यातलं एक नाणं मला मिळायचं, म्हणजे दुकानात मोडून आणल्यावर. मग मी दहा वर्षांचा असेन, पाकीट यायचं बंद झालं. तो पुढे दर डिसेंबरला पोस्टमनसाठी फाटकात उभा राहायचा. त्याला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं, नाहीतर याचंच. का थांबली हो पत्रं?’’

मैत्रीण भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या पणजीचं निधन १९५८ चं. बॉस्टनमध्ये मोठी अंत्ययात्रा निघाली, नातवंडं-पतवंडं सगळी होती. इकडे कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कारण मागे कुणी नव्हतं, असंच सगळे धरून चालले होते. पत्रं लिहिणारीने ती कुणाला दाखवली नव्हती आणि डॉलर पाठवते हे नवऱ्यालाही ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

‘‘ती गेली होती,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘आम्ही कळवलं नाही.’’

आजोबांनी टोपी काढली. मग म्हणाले, ‘‘बरं झालं सांगितलंत. चला, चहा घेऊ.’’

आयर्लंडमध्ये चहाला नाही म्हणायचं नसतं. (आपल्यासारखाच कडक, दुधाचा!) सोडा ब्रेडवर लोणी फासता फासता आजोबा माझ्याकडे वळले. ‘‘आणि तुमचं गाव कुठलं?’’

‘‘पुणे.’’

‘‘ते आत्ताचं झालं. त्याच्याआधी?’’

‘‘कोकण. समुद्राजवळच आहे.’’

‘‘घर आहे का अजून? कोण असतं?’’

मला सांगता येईना. मी तिथे शेवटची सातवीत असताना गेले होते. विषय बदलायला मी वराडकरांचं नाव काढलं. लिओ वराडकर, आयर्लंडचे माजी पंतप्रधान. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर, पदावर असतानाच, घरच्यांना घेऊन वराडला येऊन गेले. आजोबा खूश झाले. म्हणाले, ‘‘बघा, तोसुद्धा जाऊन आला.’’ टोमणा नव्हता, पण लागला.

संध्याकाळी वेस्टपोर्टच्या हॉटेलातून मी बाबांना फोन केला. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. ‘‘काय गं, बरी आहेस ना?’’

‘‘बरी आहे. बाबा, पणजोबांचं नाव काय?’’

बाबांनी नाव सांगितलं. त्यांच्या वडिलांचंही सांगितलं. पुढे अडकले. ‘‘ते अण्णांना माहीत होतं सगळं.’’ अण्णा म्हणजे माझे मोठे काका. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ‘‘आणि पणजीचं माहेर?’’ बराच वेळ काही आवाज नाही. मग बाबा म्हणाले, ‘‘कुणी विचारलंच नाही कधी.’’

पण शेवटी बाबाच ते. दोन मिनिटांनी पुन्हा फोन. त्र्यंबकेश्वरला आमच्या घराण्याचे उपाध्ये आहेत, त्यांच्या वहीत पिढ्यांची नावं लिहिलेली असतात, अण्णा एकदा जाऊन आले होते. ‘‘तू आलीस की जाऊ या?’’ म्हणाले. एवढ्या उत्साहात मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

एक गंमत सांगते. आयरिश घरांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची जुनी रीत. आपल्याकडेही नातवात आजोबांचं नाव येतंच की. म्हणजे नावं पुढे न्यायला आपण दोघंही हुशार. माणसांना कळवायलाच तेवढे विसरतो.

जाता जाता, तिकडे जाणाऱ्यांसाठी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, व्हिसा वेगळा लागतो. कुणा आयरिश मित्राची पणजी शोधायची असेल, तर घरूनच सुरुवात करा. कॅथलिक चर्चच्या जुन्या नोंदवह्या नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून नेटवर फुकट ठेवल्यात, साधारण १८८० पर्यंतच्या. नावं लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा ‘जेकोबस’ झालेला दिसला तर घाबरू नका. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी १८६४ पासूनच्या. आणि गावातल्या दुकानात जरूर विचारा, तिथे जे कळतं ते कुठल्याच वेबसाइटवर नसतं.

आम्ही बाप-लेक पुढच्या महिन्यात त्र्यंबकला निघालोय. तुम्ही निदान एक फोन करा. आजच. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला.

भेटू पुढच्या आठवड्यात!