वकील राज्याचा की सरकारचा?

अमेरिकेतील अनेक राज्यांचे मतदार येत्या ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आपापल्या राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी निवडतील. तिथल्या ५० पैकी ४३ राज्यांत हे पद थेट जनतेच्या मतांवर भरले जाते. आपल्याकडे राज्यघटनेच्या १६५व्या कलमानुसार महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ करते. राज्यपालांची मर्जी असेतोवर पद. परभणीकरांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. सरकारने मात्र विधानसभेत मारहाणीचा इन्कार केला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तर राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला ते अपीलही फेटाळले गेले. गुन्हा नोंदवणे म्हणजे शिक्षा नव्हे, तपासाचा श्रीगणेशा. तोही होऊ नये म्हणून जनतेच्या पैशातून दिल्ली गाठण्याचा निर्णय कोणाच्या कायदेशीर सल्ल्याने झाला?

मग महाधिवक्ताही निवडूनच का आणू नये? कारण मते मागणारा वकील जमावाचा कल पाहून खटले चालवील. अमेरिकेत हे पद गव्हर्नरपदाची पायरी ठरते. बिल क्लिंटनही आर्कान्सामध्ये याच वाटेने वर गेले. एका धन्याऐवजी दुसरा धनी, एवढाच फरक पडेल.

आपला रोग वेगळा आहे. मार्च २०१६ मध्ये तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी शेजारच्या जालन्यात स्वतंत्र मराठवाड्याची भाषा केली आणि विधिमंडळात गदारोळ उठला. दोनच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. महाधिवक्त्याच्या राजकीय मतावर सभागृह इतके पेटून उठते. त्याच्या कायदेशीर सल्ल्याचा जाब मात्र तितक्याच हिरिरीने मागितला जात नाही. वास्तविक १७७व्या कलमाने महाधिवक्त्याला सभागृहात बोलण्याचा अधिकार दिला आहे. मतदानाचा तेवढा नाही.

या तरतुदीचा वापर व्हावा. आपल्याच पोलिसांविरुद्धच्या तपासाला सरकार वरच्या न्यायालयात आव्हान देणार असेल, तर आधी महाधिवक्त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि निकालानंतर तो विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. सल्ला डावलला असेल, तर त्याचे कारण मंत्र्यांनी सांगावे. परभणी जिल्ह्याच्या चारही आमदारांनी पक्षभेद विसरून ही मागणी पुढच्या अधिवेशनात लावून धरावी. महाधिवक्ता निवडण्याचे मत परभणीकरांकडे नाही. आमदार निवडण्याचे आहे.