एका खोलीचे नाटक

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना खोलीचे माप टेप न लावता सांगता येते. १६० चौरस फूट! त्यातच चूल, त्यातच अभ्यास, त्यातच आजारपण आणि त्यातच पाहुणा. असल्या खोलीत कसले आले नाटक, असे आपणच म्हणत आलो. पण अशाच एका खोलीने मराठी रंगभूमीला जागे केले. नाटक ‘अधांतर’, साल १९९७, लेखक जयंत पवार.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपात घराघरांत काय घडले, ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आले नाही. पवारांनी ते धुरी कुटुंबातून दाखवले. बाप गेलेला. एक मुलगा लेखक व्हायची स्वप्ने पाहतो, दुसऱ्याचे लक्ष क्रिकेटात, तिसरा टोळीच्या वाटेला लागतो. मुलीचे दुःख वेगळेच. आणि या सर्वांना धरून ठेवणारी आई. मंगेश कदम यांनी ते बसवले, ज्योती सुभाष यांनी आई उभी केली. २०१० साली त्यावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट निघाला.

पवार १९६० साली जन्मले. पोटासाठी पत्रकारिता केली, नाटकांची परीक्षणे लिहिली आणि कथाही लिहिल्या. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २९ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले.

अमेरिकेत लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय लेखिकेने १९५९ साली हेच केले होते. ‘अ रेझिन इन द सन’ या तिच्या नाटकातही कोंदट घर आहे, कष्ट करून मेलेला बाप आहे आणि त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर आहेत. त्या पैशातून आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ पाहते. हे लेखिकेने घरीच भोगले होते. तिच्या वडिलांनी अशा वस्तीत घर घेतले, तेव्हा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३४ व्या वर्षी ती वारली. नाटक मात्र अजून होते.

आता आपल्याकडे वळू. गिरणीत आपल्या आजोबांना साचा खात्यात प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून ‘विटाळ’! जास्त पगाराचे काम सवर्णांकडे आणि आपल्याकडे कमी पगाराची खाती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. धुरींच्या खोलीत गिरणगावाचे दुःख आहे. पण हे दुःख त्या खोलीतले नाही. ते पवारांचे न्यून नव्हे. प्रत्येक खोलीची गोष्ट त्या खोलीनेच सांगायची असते. प्रेमानंद गज्वी आणि दत्ता भगत यांनी आपापल्या परीने आपली दुःखे रंगमंचावर आणलीच आहेत. गिरणीतल्या आपल्या माणसाची गोष्ट त्याच्याच नातवंडांनी लिहायला हवी.

नायगावच्या ४२ चाळींच्या जागी टॉवर ठरले आहेत. पाचशे चौरस फुटांचे घर मिळणे हा आनंदच आहे, त्यात रडण्यासारखे काही नाही. पण सामान बांधताना गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, संपातले उधारीचे वहीखाते रद्दीत जाऊ देऊ नका. आजी ज्या घरात आहे, तिथल्या मुलींनी तिच्याजवळ वही घेऊन बसावे. संपात चूल कशी पेटत होती, कोणते भांडे मोडीत गेले, कोणाची शाळा सुटली, हे विचारावे आणि तिच्याच शब्दांत उतरवावे.

नाटकाला आधी सभागृह लागत नाही. ऐकणारे एक माणूस आणि लिहिणारा एक हात लागतो. घरात ते दोन्ही आहेत. आजी आहे तोवर विचारून घ्या.