'सावध राहा' म्हणणाऱ्यांचे कर्तव्य

पतसंस्था, सहकारी बँका आणि अलीकडे गृहरचना संस्था यांच्या फलकांवर एक सूचना हमखास आढळते : आमच्या नावाने येणाऱ्या बनावट ई-मेलपासून सावध राहा. ठेवीदाराने सावध राहावे हे खरेच. परंतु आपल्या नावाने परक्याला पत्र धाडता येऊ नये म्हणून त्या संस्थेने स्वतः काय केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. धायरीत आम्ही एका पतसंस्थेपुरते ते विचारले आणि उत्तर लाजिरवाणे निघाले.

ई-मेलची वाहतूक ज्या नियमांवर आजही चालते, त्यांची मूळ मांडणी 1982 सालची आहे. तेव्हा हे जाळे मूठभर विद्यापीठे व संशोधनसंस्थांपुरते होते आणि परस्परविश्वास गृहीत धरला गेला होता. त्यामुळे पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा, तशी पाठवणाऱ्याच्या जागी कोणतेही नाव घालण्याची मुभा राहून गेली. व्यवहार पैशांचे होऊ लागल्यावर या मुभेची किंमत कळली. जुलै 2016 मध्ये मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्याने रिझर्व्ह बँकेकडून आल्याचे भासणारा ई-मेल उघडला. त्यातून हल्लेखोर यंत्रणेत शिरले आणि सुमारे 17 कोटी डॉलर परदेशी खात्यांकडे वळवले गेले. वेळीच हालचाल झाल्यामुळे ती रक्कम परत मिळाली. धायरी-नऱ्ह्याच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या ठेवीदाराचे तीस हजार गेले, तर त्याच्यासाठी अशी धावपळ कोण करणार?

यावर उपाय नाही असे नाही. डोमेनच्या मालकाने आपल्या डीएनएसमध्ये तीन नोंदी करावयाच्या असतात. एसपीएफ ही नोंद सांगते की, आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार अमुक यंत्रांनाच आहे. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीने मोहोर उठवते. ती पडताळण्याची जाहीर किल्ली डोमेनवर ठेवलेली असते. तिसरी डीमार्क. वाचकाला दिसणारे नाव आधीच्या दोहोंपैकी एकाशी तरी जुळते की नाही हे ती पाहावयास लावते आणि न जुळल्यास काय करावे तेही सांगते : 'नन' म्हणजे काहीच करू नका, 'क्वारंटाइन' म्हणजे बाजूला टाका, 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा. या नोंदींना वेगळे शुल्क पडत नाही. लागतो तो एखाद्या जाणकाराचा वेळ आणि संचालक मंडळाची इच्छा.

मी ज्या पतसंस्थेच्या सल्लागारांत आहे, तिच्या नोंदी एका रविवारी आमच्या तरुण कार्यकर्त्याने उघडून दाखवल्या. एसपीएफच्या नोंदी दोन होत्या. दोन असल्या की पडताळणी निष्फळ ठरते, आणि येथे वर्षानुवर्षे तेच चालले होते. त्यातील एकीत, करार संपलेल्या एका संदेशवाहक कंपनीला आमच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार अजून शाबूत होता. डीकेआयएम कार्यालयाच्या पत्रांना होती, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या ठेवपावत्यांना नव्हती. डीमार्क 'नन'वर, आणि अहवाल कोठे पाठवावेत याचा पत्ताच दिलेला नव्हता. म्हणजे कुलूप लावलेले, पण किल्ली त्यातच ठेवलेली.

उत्साहाच्या भरात त्याच दिवशी 'रिजेक्ट' लावावे असे मला वाटले. त्या तरुणाने अडवले, आणि तो बरोबर होता. एसपीएफच्या दोन्ही नोंदी एक करून त्याने अहवालासाठी पत्ता दिला. तीन आठवडे अहवाल येत राहिले. त्यांत परक्यांची पत्रे होतीच, पण वार्षिक सभेच्या सूचना धाडणारे एक जुने यंत्रही सापडले, ज्याची आठवण कोणालाच नव्हती. घाई केली असती तर सभेच्या सूचनाच परत गेल्या असत्या. आधी 'क्वारंटाइन', मग दोन महिन्यांनी 'रिजेक्ट', असा क्रम लागला. नावातील एक अक्षर बदलून नवे डोमेन घेणाऱ्या ठगाला हे रोखू शकत नाही, हेही सभासदांना सांगितले पाहिजे.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोमची साथ आली, दूषित पाण्याचा संशय बळावला आणि घरोघर 'पाणी उकळून प्या' असा उपदेश झाला. पाणी उगमापाशी शुद्ध करणे हे ज्याचे काम, त्याच्याकडून ते प्रत्येक चुलीवर ढकलले गेले. 'सावध राहा' हा फलकही त्याच जातीचा. एका ठिकाणी होणाऱ्या फुकटच्या कामाऐवजी हजारो ठेवीदारांनी जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसावे, हा अर्थशास्त्राच्या कोणत्याही हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे.

शासन निष्क्रिय आहे असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे स्वतंत्र डोमेन जाहीर करून त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर सर्वांनी तेथे जावे असे ठरवले. परंतु पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याबाहेरची. बँकेला कुंपण मिळाले. ज्यांना बँक उभी करीत नाही त्यांच्या ठेवी उघड्यावर राहिल्या. उरला तो गूगल आणि याहूचा फेब्रुवारी 2024 पासूनचा नियम : मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांनी तिन्ही नोंदी ठेवाव्यात. तो उपकारक आहे, पण त्यात डीमार्क 'नन' असले तरी चालते, आणि रोज पाच हजार पत्रे न पाठवणाऱ्या छोट्या संस्थेला त्याची पुरती झळही लागत नाही. सार्वजनिक सुरक्षिततेचा किमान दर्जा परदेशी मक्तेदार कंपन्यांनी आपल्या सोयीने ठरवावा, ही स्थिती सहकार खात्याला बोचत कशी नाही?

यास्तव मागणी साधी आहे. लेखापरीक्षणात पतसंस्थेच्या डोमेनची तपासणी समाविष्ट करावी आणि तिच्यासाठी माणूस जिल्हा फेडरेशनने पुरवावा. आणि साथींनी आपल्या घरापासून आरंभ करावा. देणगीचे आवाहन करणाऱ्या आपल्याच किती कार्यालयांचे डीमार्क 'नन'वर आहे? पतसंस्थांत जे साथी सभासद आहेत, त्यांना तर वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी हा प्रश्न सचिवांकडे लेखी देता येतो, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रहही धरता येतो.