घाट एकाचा, पायऱ्या सर्वांच्या

काशीचा आजचा राजा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो दगडात बांधून घेतला. बांधणारा एक; पण पायऱ्या उतरणाऱ्याने कोणाच्या नावेत बसायचे, हे घाट ठरवत नाही. शहरातील इंटरनेटच्या प्रश्नाचे मर्म नेमके हेच आहे.

घाटामागच्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तरी एकाला अंग चोरावे लागते. तिथे चार कंपन्यांनी चारदा खोदायचे आणि खड्डे मात्र पालिकेने बुजवायचे, हा कुठला हिशेब? फायबरच्या जाळ्यात मोठा खर्च काचेच्या तारेचा नसतो. तो खोदाईचा आणि मजुरीचा असतो. म्हणून तार एकदाच टाकावी, मालकी पालिकेची असावी आणि जाहीर दराने ती सर्व कंपन्यांना भाड्याने मिळावी.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. रूळ रेल्वेचे, डबा आरएमएसचा, पत्रे टपाल खात्याची. दोन्ही खात्यांच्या कामगारांनी हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. स्टॉकहोम शहराने 1994 मध्ये स्वतःची कंपनी काढून हेच केले. ती फायबर भाड्याने देते, घरोघरी इंटरनेट विकत नाही. हा नियम महत्त्वाचा आहे. मालकच विक्रीला बसला, तर पंक्तिप्रपंच ठरलेला.

आपल्या देशातला धडा रेल्वेचाच आहे. रुळांलगतच्या फायबरसाठी 2000 साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जानेवारी 2016 मध्ये गूगलच्या सहकार्याने मुंबई सेंट्रलवर मोफत वायफाय सुरू झाले. पुढे ते 400 हून अधिक स्थानकांवर गेले. 2020 मध्ये गूगलने अंग काढून घेतले, तरी सेवा थांबली नाही. कारण तार सार्वजनिक मालकीची होती. पाहुणा गेला, घर राहिले. त्याच रेलटेलचे समभाग 2021 मध्ये बाजारात विकले गेले, हेही विसरता कामा नये.

ग्रामपंचायतींसाठी 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतही जाळे सर्वांना समान अटींवर खुले ठेवण्याचे तत्त्व आहे. मग शहरांनीच मागे का राहावे?

मात्र केवळ मालकी सार्वजनिक असून भागत नाही. तार पालिकेची आणि ती जोडणारा कामगार कंत्राटदाराचा, ना भविष्यनिर्वाह निधी, ना अपघाताची भरपाई, असे झाले तर ते मागल्या दाराने आलेले खाजगीकरणच होय. रात्री-अपरात्री तुटलेली तार जोडणारे हात कायम आणि प्रशिक्षित असतील, तरच जाळे टिकेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रस्ता वा गटार खोदताना फायबरचा पाइप सोबतच टाकावा. दरपत्रक जाहीर व सर्वांना समान असावे. भाड्याचे उत्पन्न आधी देखभालीवर खर्च व्हावे. देखभाल कायम कामगारांकडे असावी. आणि हे जाळे विकण्याचा अधिकार कोणत्याही आयुक्ताला एकट्याने नसावा.

कामगार बंधु-भगिनींनो, रूळ आणि टपाल सांभाळणाऱ्यांनाच सार्वजनिक जाळ्याची किंमत कळते. आपल्या शहराच्या पालिकेत हा प्रश्न आपणच नेला पाहिजे. घाट विकला गेला, तर पायरीलाही तिकीट लागेल.