दोन डगरींवर 'पाय'

फ्यूजन म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. "ओरिजिनलची वाट लावली!" पण मित्रांनो, ब्रिटिशांचा कॉटेज पायच बघा. खाली बीफचा खिमा, वर कुस्करलेला बटाटा, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेला. हा बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, युरोपात पोचला १६व्या शतकात. म्हणजे ओरिजिनलसुद्धा उसनंच!

आता तैवानचं लू रो फान. पोर्कचे बारीक तुकडे सोया सॉस, राइस वाइन, तळलेले छोटे कांदे आणि चक्रीफूल-दालचिनीचा मसाला घालून मंद आचेवर शिजवायचे आणि गरम भातावर वाढायचे. दोन्हीकडे गणित एकच: थोडक्या मांसात सगळ्यांचं पोट भरायचं. म्हणूनच हे पोर्क भाताऐवजी बटाट्याखाली गेलं तरी डिश बिघडत नाही. फक्त रस्सा चांगला आटवायचा, नाहीतर बटाटा त्यात बुडतो. आणि सोया सॉस मुळातच खारट, तेव्हा मीठ चव बघूनच.

माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही पदार्थांमागचं लॉजिक कळलं तर फ्यूजन, नाहीतर नुसतं कन्फ्यूजन. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात. हा 'पाय' मात्र खुशाल ठेवा!